मानस, अनवतप्त, मापम : एका सरोवराची नावे

नकाशावरचे एखादे नाव वाचताना ते तेथील रहिवाशांनीच दिले असावे, असे आपण सहसा गृहीत धरतो. गावाच्या, ओढ्याच्या किंवा टेकडीच्या बाबतीत हे बहुधा खरेही असते. परंतु काही स्थळांची प्रसिद्ध नावे मात्र त्यांच्यापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या, आणि ती स्थळे आयुष्यात एकदाही न पाहिलेल्या लोकांनी जपलेली आहेत. मानससरोवर हे अशा स्थळांतील अग्रगण्य होय. महाराष्ट्रापासून दूर राहून महाराष्ट्रातील गावांची नावे जपणाऱ्या आम्हां मंडळींना या सरोवराच्या नामकथेत स्वारस्य वाटावे, हे स्वाभाविकच आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी हा विषय आम्ही निवडला तो याच कारणाने.

प्रथम सरोवराची भौगोलिक ओळख करून घेऊ. तिबेटच्या नैर्ऋत्य भागात, हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटर उंचीवर हे सरोवर पसरले आहे. उत्तरेस कैलास आणि दक्षिणेस ७,६९४ मीटर उंचीचा गुर्ला मांधाता, अशा दोन शिखरांमधील हे पठार आहे. सरोवराचा आकार साधारण वाटोळा असून क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस किलोमीटर आणि काठाकाठाने प्रदक्षिणेचे अंतर सुमारे ८८ किलोमीटर आहे. त्याच्या पश्चिमेस, मधे डोंगराची एक चिंचोळी पट्टी सोडून, दुसरे सरोवर लागते. ते राक्षसताल. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस किलोमीटर असून काठ वेडावाकडा, अनेक आखातांचा आहे. या दोहोंना जोडणारा सुमारे दहा किलोमीटर लांबीचा एक प्रवाह आहे. त्यास गंगा-छू म्हणतात. 'छू' म्हणजे पाणी, नदी. काठावर झाड म्हणून औषधालाही सापडत नाही. खुरटे गवत, काटेरी झुडपे, याक व मेंढ्यांचे कळप, गोंपांच्या तुरळक भिंती, आणि हिवाळ्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गोठलेले पाणी, असे हे निर्जन विश्व आहे.

या दोन सरोवरांच्या पाण्याच्या चवीत फरक आहे. मानसचे पाणी गोड, तर राक्षसतालाचे किंचित खारट. यात्रेकरूंनी त्याचा संबंध ब्रह्मदेव आणि रावण यांच्याशी जोडला. भूगोलाचे उत्तर साधे आहे. मानसमध्ये साठणारे जादा पाणी गंगा-छूच्या वाटेने राक्षसतालात उतरते आणि जाताना विरघळलेले क्षारही घेऊन जाते. राक्षसताल हे काही मीटर खालच्या पातळीवर आहे. त्यातून बाहेर पडण्याची वाट आज बहुतांशी कोरडी असल्याने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. जे देते ते गोड राहिले आणि जे केवळ घेते ते खारट झाले, असे कोणा कीर्तनकाराने म्हटल्यास भूगोलशास्त्रज्ञाला हरकत घेता येणार नाही.

आता नावांकडे वळू. संस्कृत वाङ्मयातील नाव 'मानस'. त्याची उपपत्ती वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात आली आहे. विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांना गंगा आणि सरयू यांच्या संगमापाशी पाण्याचा मोठा घोष ऐकू येतो. रामाने विचारल्यावर विश्वामित्र सांगतात की, कैलास पर्वतावर ब्रह्मदेवाने मनाने निर्मिलेले एक सर आहे, मनापासून झाले म्हणून ते मानस, आणि त्या सरापासून निघाली म्हणून ही सरयू. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सरयू मानसमधून निघत नाही. परंतु जिला अयोध्येपाशी सरयू म्हणतात त्या घाघरेचा वरचा प्रवाह म्हणजे कर्नाली नदी, आणि ती या सरोवरांच्या दक्षिणेकडील डोंगरांत उगम पावते. म्हणजे हे सांगणाऱ्या परंपरेला तळ्याचा तपशील नसला तरी दिशा अचूक ठाऊक होती. हिमालय ओलांडून कोणीतरी जात होते, येत होते, आणि आल्यावर सांगत होते.

कालिदासाच्या मेघदूतात हे नाव मराठी भूमीशी जोडले गेले. यक्षाचा मेघ ज्या रामगिरीवरून निघतो तो नागपूरजवळचा रामटेक होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले आणि ते मत पुष्कळ विद्वानांना मान्य झाले. मेघ उत्तरेकडे निघतो तेव्हा मानसाची ओढ लागलेले राजहंस कमळाच्या देठांची शिदोरी घेऊन कैलासापर्यंत त्याची सोबत करतील, असे यक्ष सांगतो. ज्याने हे लिहिले तो कवी सरोवरापर्यंत गेला असेल असे वाटत नाही. कारण मानसमध्ये त्याने सुवर्णकमळे फुलवली आहेत, आणि त्या उंचीवर कमळ उगवत नाही. परंतु हंस मात्र खरे आहेत. पट्टकादंब नावाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस तिबेटच्या या सरोवरांवर वीण घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात उतरतो. पैठणजवळचा नाथसागर आणि नाशिक जिल्ह्यातील नांदूरमधमेश्वर येथे हे पाहुणे येतात. कमळ कल्पनेतून आले, हंस निरीक्षणातून आले. आणि एकाच श्लोकमालिकेत दोन्ही शेजारी नांदले.

बौद्ध परंपरेत याच सरोवराशी जोडले गेलेले नाव वेगळे आहे. संस्कृतात 'अनवतप्त', पालीत 'अनोतत्त', म्हणजे न तापलेले, सदा शीतल. सम्राट अशोकासाठी अनोतत्त सरोवराचे पाणी रोज आणले जाई, अशी कथा सिंहलद्वीपाच्या 'महावंस' ग्रंथात आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने या सरोवराचे वर्णन केले आहे. त्याच्या मते ते जंबुद्वीपाच्या मध्यभागी असून त्याच्या चार बाजूंस बैल, हत्ती, घोडा आणि सिंह यांची मुखे आहेत व त्यांतून गंगा, सिंधू, वक्षू आणि सीता या नद्या वाहतात. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात हा चिनी यात्रेकरू स्वतः हिंडला आणि येथील लोकांच्या मानी स्वभावाविषयी त्याने पाहून लिहिले. अनवतप्ताविषयी त्याने ऐकून लिहिले. दोन्ही मजकूर एकाच ग्रंथात असले तरी त्यांच्या वजनात हा भेद आहे.

बौद्ध धर्म तिबेटात गेला तेव्हा 'अनवतप्त' या शब्दाचे तिबेटीत शब्दशः भाषांतर झाले : 'मा-द्रो-पा', न तापलेले. हिंदुस्थानच्या मैदानात उन्हाने होरपळलेल्या माणसाला जे विशेषण सुचले ते, ज्या देशात पाणी तापण्याची भीतीच नाही अशा देशात जाऊन बसले! परंतु तिबेटी माणसाच्या तोंडी रुळलेले नाव निराळेच आहे. ते 'मापम युम्-त्सो'. 'मापम' म्हणजे अजिंक्य, 'यु' म्हणजे फिरोजा हे निळे-हिरवे रत्न, आणि 'त्सो' म्हणजे सरोवर. बौद्ध योगी मिलारेपा आणि बोन पंथाचा आचार्य नारो-बोनचुंग यांच्यात या परिसरात सिद्धींचा सामना झाला, त्यात मिलारेपा अजिंक्य ठरला, आणि त्यावरून हे नाव पडले, असे बौद्ध सांगतात. बोन पंथीयांच्या मते ते नाव त्यांच्या पूर्वीच्या झांगझुंग राज्यापासून चालत आले आहे. जिंकला कोण, हा वाद अशा रीतीने 'अजिंक्य' या शब्दातच अडकून राहिला आहे.

राक्षसतालाची कथाही अशीच. रावणाने येथे शिवाची तपश्चर्या केली म्हणून आपल्याकडे तो रावणह्रद किंवा राक्षसताल. तिबेटी त्याला 'लांगाक त्सो' म्हणतात, आणि त्या नावात रावणाचा मागमूस नाही. गुर्ला मांधाता या शिखराला आपण मांधाता राजाच्या तपाची कथा जोडली. तिबेटी त्याला 'नामोनान्यी' म्हणतात. कैलास त्यांचा 'कांग रिंपोचे', म्हणजे हिमरत्न. एकाच क्षितिजावर दोन नकाशे एकमेकांवर अंथरलेले आहेत, आणि यात्रेकरू व मेंढपाळ आपापल्या नकाशाने चालत एकाच गोंपात चहा पितात. गंगा-छूच्या तोंडाशी टेकडीवर जो गोंपा आहे त्याचे नाव चिऊ गोंपा. तिबेटीत 'चिऊ' म्हणजे लहान पाखरू. मराठी घरातील पोरासोरांना या एका नावाचे भाषांतर करून सांगावे लागणार नाही. हा निव्वळ योगायोग आहे, व्युत्पत्ती नव्हे. पण योगायोगालाही आनंद देण्याची मुभा असावी.

दूरच्यांनी दिलेले नाव टिकते, परंतु त्यासोबत दूरच्यांचे गैरसमजही टिकतात. गंगा मानसमधून निघते, ही समजूत त्यांपैकी सर्वांत चिवट. अकबराच्या दरबारी आलेल्या फादर मोन्सेरात या जेझुइट पाद्र्याने १५९० च्या सुमारास तयार केलेल्या नकाशात हे सरोवर 'मानसरुओर' असे आले आहे. जोगी-बैराग्यांकडून ऐकलेले नाव त्याने कानाला लागेल तसे टिपले. १७१५ साली लडाखहून ल्हासाला जाताना इप्पोलितो देसिदेरी हा इटालियन पाद्री प्रत्यक्ष या पठारावरून गेला. त्याने सरोवराचे नाव 'रेतोआ' असे लिहिले आणि गंगेचा उगम येथेच असल्याचे नोंदवले. चीनच्या कांग-शी सम्राटाच्या आज्ञेने लामांनी केलेल्या पाहणीवरून फ्रेंच नकाशाकार दांव्हिल याने काढलेले नकाशे १७३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत 'मापामा' व 'लांकेन' ही तिबेटी नावे बऱ्यापैकी शुद्ध उतरली, पण गंगा मात्र त्याच तळ्यांतून वाहत राहिली. नाव बरोबर आणि नदी चुकलेली, असा तो नकाशा. पुढे १८०८ साली वेब, रेपर व हिअरसी यांनी भागीरथीच्या खोऱ्यात जाऊन केलेल्या पाहणीने ही समजूत डळमळली, आणि १८१७ साली कॅप्टन हॉजसन गोमुखापर्यंत पोहोचला तेव्हा गंगेचा या तळ्यांशी लावलेला संबंध संपला. 'गंगा-छू' या नावात तेवढी ती जुनी समजूत अजून वाहते आहे.

याच सुमारास घडलेला एक प्रसंग सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालवलेल्या आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. १८१२ साली विल्यम मूरक्रॉफ्ट हा कंपनीचा पशुवैद्य हिअरसीसह गोसाव्याच्या वेशात नीती घाटातून तिबेटात शिरला. मायापुरी व हरगिरी अशी नावे दोघांनी घेतली होती. सोबत हरबल्लभ नावाचे वृद्ध पंडित होते, आणि वाटेचे अंतर मोजण्यासाठी हरखदेव पंडित ठराविक लांबीची पावले टाकीत चालत होते. ऑगस्ट महिन्यात ही मंडळी मानसच्या काठी पोहोचली. मूरक्रॉफ्टने प्रकृती बरी नसतानाही काठ धुंडाळला, परंतु पाणी बाहेर जाण्याची वाट त्याला दिसली नाही. मानसमधून कोणताही प्रवाह निघत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. हरबल्लभांनी आक्षेप घेतला. सोळा वर्षांपूर्वी आपण आलो होतो तेव्हा येथे प्रवाह होता, असे ते म्हणाले. साहेबाने डोळ्यांनी पाहिलेले आणि पंडिताने आठवणीतून सांगितलेले, यांत अहवालात जागा कोणाला मिळाली, हे सांगण्याची गरज नाही. १८४६ साली हेन्री स्ट्रेची तेथे गेला, तेव्हा त्याला दोन सरोवरांमध्ये सुमारे शंभर फूट रुंद आणि तीन फूट खोल प्रवाह वाहताना आढळला. गंगा-छू ही कधी वाहते, कधी आटते. पर्जन्यमान आणि सरोवराची पातळी यांवर ते अवलंबून असते. मूरक्रॉफ्टने पाहिले ते त्या वर्षापुरते खरे होते. हरबल्लभांना सरोवराचा स्वभाव ठाऊक होता.

पुढच्या शंभर वर्षांत सरोवराचे वर्णन पक्के होत गेले. स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन याने १९०७ मध्ये घडीची नाव पाण्यात लोटून मानसची खोली मोजली. ती जास्तीत जास्त सुमारे ८२ मीटर भरली. नाव नेणारा परत येत नाही, अशी काठच्या लोकांची श्रद्धा होती; हेडिन परत आला. आंध्रातील स्वामी प्रणवानंद १९२८ पासून वारंवार तेथे गेले, थुगोल्हो गोंपात त्यांनी हिवाळे काढले, गोठणाऱ्या सरोवराचे दिनमान टिपले आणि चारही नद्यांचे उगम पायी हिंडून तपासले. त्यांचा कैलास-मानसविषयीचा ग्रंथ १९४९ मध्ये पंडित नेहरूंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. १९४५ साली मुंबईचे डॉ. सलीम अली पक्ष्यांसाठी या वाटेने गेले आणि आपल्या लेखात त्या प्रवासाला त्यांनी पक्षिशास्त्रीय तीर्थयात्रा म्हटले. कालिदासाच्या हंसांचा माग एका मुंबईकराने अशा रीतीने घेतला.

राज्यकर्त्यांच्या दप्तरातही सरोवराची नोंद आहे. लडाख आणि तिबेट यांच्यात १६८४ साली झालेल्या तिंगमोसगांगच्या तहात कैलास-मानस परिसरातील मिन्सार हे गाव लडाखच्या राजाकडे ठेवण्यात आले. हेतू असा की, त्या गावाच्या उत्पन्नातून कैलास व मानस येथील दिवाबत्तीचा खर्च चालावा. आपल्याकडे देवस्थानाला इनाम असते तसाच हा प्रकार. लडाख जम्मूच्या राज्यात आल्यानंतरही विसाव्या शतकात तेथील महसूल काश्मीरकडे जात होता. १९५४ च्या भारत-चीन कराराने यात्रेकरूंच्या घाटवाटा निश्चित झाल्या, १९६२ च्या सुमारास वाट बंद पडली, १९८१ साली लिपुलेखमार्गे पुन्हा उघडली, २०१५ पासून नाथू-लामार्गेही जाता येऊ लागले, २०२० मध्ये पुन्हा खंड पडला आणि २०२५ मध्ये यात्रा परत सुरू झाली. या सर्व काळात, वाट बंद असो वा उघडी, घरोघरच्या संकल्पांत आणि पुराणकथांत मानसचे नाव चालूच राहिले. २००४ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत सरोवराचा समावेश झाला तो मात्र 'मापांगयुंग त्सो' या, तिबेटीवरून चिनी उच्चारात गेलेल्या नावाने. मनाने निर्मिलेले सर त्या यादीत शोधणाऱ्यास सापडणार नाही.

या प्रवासात आपल्या तोंडच्या नावाचेही एक अक्षर गळाले आहे. 'मानस' अधिक 'सरोवर' मिळून 'मानससरोवर' व्हावयास हवे. दोन सकार एकापुढे एक आल्याने बोलताना एक गिळला गेला, आणि हिंदीत, नकाशांत व इंग्रजी स्पेलिंगांत 'मानसरोवर' रूढ झाले. जिभेची ही सोय सर्व भाषांत आढळते, तिच्यावर रागावण्याचे कारण नाही. नवी मुंबईत त्या नावाचे रेल्वे स्थानक आहे आणि तेथे उतरणारा प्रवासी 'मानसरोवर' म्हणूनच तिकीट मागतो. परंतु गेलेल्या त्या एका अक्षराबरोबर 'मानस' शब्द अदृश्य झाला आणि 'मान' उरला. हे तळे मनातून झाले आहे, ही मूळची गोष्ट आता वेगळी सांगावी लागते. सांगणारा नसेल तर ती कळण्याचा मार्ग नाही.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांकडे पाहताना आम्हांस नेमकी हीच गोष्ट जाणवते. बदलीच्या, नोकरीच्या, व्यापाराच्या निमित्ताने आपण येथे आलो. आपल्या मुलांनी आणि नातवंडांनी सातारा, वाई, मालवण, अचलपूर ही नावे ऐकली आहेत. पुष्कळांनी ती गावे सुट्टीत चार-आठ दिवस पाहिलीही आहेत. मोठ्या गावांची नावे नकाशात राहतील, त्यांची चिंता नाही. परंतु गावाबाहेरच्या ओढ्याला काय म्हणत, कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, शिवाराच्या कोणत्या तुकड्याला माळ, कोणत्याला मळई आणि कोणत्याला पाणथळ म्हणत, पावसाळ्यात कोणती वाट बंद होई, ही माहिती कोणत्याही नकाशात नाही. ती आपल्यातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. हरबल्लभांप्रमाणे तीही म्हणतात की, आम्ही पाहिले तेव्हा तेथे पाणी होते. आता तेथे वसाहत झाली असेल, किंवा ओढा आटला असेल, म्हणून त्यांचे बोलणे खोटे ठरत नाही.

यास्तव या प्रसंगी आमची एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात मंडळाने ग्रंथालयात एक जाडसर नोंदवही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने तीत आपल्या मूळ गावाचे एक पान लिहावे : गाव, तालुका, नदी, ओढे, विहिरी, टेकड्या, शेतांची नावे, आणि प्रत्येक नावापुढे ते का पडले हे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले तसे. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहावे, डोळ्यांनी पाहिलेले असेल तर सालासह लिहावे. ह्युएनत्संगाच्या वाचकांना हा फरक स्वतः ओळखावा लागतो. आपल्या नातवंडांना तो आयता मिळावा. गावी जाणे होईल तेव्हा मुलांना ते पान घेऊन पाठवावे आणि ओढ्याला पाणी आहे की नाही, एवढे पाहून यावयास सांगावे. आले की, त्याच पानाखाली तारीख घालून त्यांच्या हस्ताक्षरात नोंद करावी.